दर पावसाळ्यात परतणारी गळती : पाणी कुठून येते आणि खर्च कोणाचा

ठाण्यातल्या आमच्या ३२ सदनिकांच्या गृहनिर्माण संस्थेत मी नऊ वर्षे सचिव होतो, आणि त्या नऊ वर्षांत जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गळतीची पहिली तक्रार आली नाही, असे एकदाही झाले नाही. तक्रारीचा मजकूरही ठरलेला असे : छताला ओल आली आहे, पोपडे पडत आहेत, वरच्यांना सांगा. वरच्यांना सांगितले की ते म्हणत, आमचे बाथरूम चार वर्षांपूर्वीच नवे केले आहे, पाणी बाहेरच्या भिंतीतून येत असणार, ते संस्थेने बघावे. समितीपुढे विषय आला की पहिला प्रश्न निघे तो खर्च कोणाच्या माथी पडणार याचा, आणि त्यावर दोन बैठका सहज जात. सप्टेंबरच्या वार्षिक सभेत थोडे आवाज चढत, नवरात्रापर्यंत ओल वाळू लागे, दिवाळीच्या आधी त्या छताला रंग मारला जाई, आणि पुढच्या जूनमध्ये तोच डाग थोडा मोठा होऊन हजर होई.

गळतीचा खर्च कोणी करायचा हे पाणी कुठून येते यावर ठरते. बहुतेक संस्थांत मात्र खर्चाचा वाद आधी सुरू होतो आणि पाण्याचा उगम शोधण्याची वेळ येते तेव्हा पावसाळा संपलेला असतो. माझ्या हातूनही हीच चूक झाली आणि तिची किंमत भलत्याच माणसाने मोजली.

दुसऱ्या मजल्यावरच्या २०३ मध्ये शयनगृहाच्या एका कोपऱ्यात छत गळत होते. त्या कोपऱ्याच्या बरोबर वर ३०३ चे बाथरूम येत असल्याने समितीने फारसा विचार न करता ३०३ च्या मालकांना पत्र दिले. गृहस्थ सज्जन. त्यांनी फरशी उखडून, नवे वॉटरप्रूफिंग करून, पदरचे ४२ हजार रुपये घातले. पुढच्या पावसाळ्यात २०३ चा कोपरा पुन्हा ओला. या वेळी मी स्वतः विजेरी घेऊन शिडीवर चढलो, तेव्हा असे दिसले की ओलीची कड बाथरूमकडून पसरत नव्हती, ती डक्टकडच्या, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या मोकळ्या जागेकडच्या भिंतीतून सुरू होऊन कोपऱ्याकडे येत होती. डक्टमध्ये प्लंबरला उतरवल्यावर चौथ्या मजल्याच्या पातळीवर गच्चीच्या पावसाळी पाइपाचा एक सांधा सुटलेला सापडला. तिथून पाणी भिंतीवर पडत होते, गिलाव्याच्या मागून दोन मजले खाली उतरत होते आणि २०३ च्या तुळईशी अडून छतात शिरत होते. पाइप संस्थेचा, दुरुस्ती संस्थेची, आणि खर्च मजुरीसकट चार हजारांच्या आत.

ओल कधी वाढते ते आधी लिहून काढा

कंत्राटदाराला बोलावण्याआधी दोन आठवडे एक साधी वही ठेवावी. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढून तिथेच तारीख लिहावी, म्हणजे डाग वाढला की नाही यावर नंतर वाद राहत नाही. वहीत रोजची वेळ, पाऊस होता की नव्हता, थेंब पडतात की नुसती ओल आहे आणि पाण्याला वास किंवा रंग आहे का, एवढे टिपले तरी पुरते. ही वही पुढे समितीपुढे आणि वेळ पडल्यास न्यायालयातही उपयोगी पडते, त्यामुळे तिची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत.

गळती बारमाही असेल तर गच्चीचा विचार सध्या बाजूला ठेवता येतो. थेंब रात्रंदिवस एकाच गतीने पडत असतील, पाणी स्वच्छ असेल आणि वरच्या घरातल्या वापराने काही फरक पडत नसेल, तर दाबाखाली असलेल्या नळाच्या पाइपावर संशय घ्यावा. अशा वेळी गच्चीवर त्या घराकडे जाणारा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवून पाहावा. सकाळी आंघोळी आटोपल्या की थेंब वाढत असतील, दुपारनंतर कमी होत असतील आणि पाण्याला वास असेल, तर दोष सांडपाण्याच्या बाजूला, म्हणजे नहाणी ट्रॅपपाशी (फरशीतले पाणी जाण्याच्या तोंडापाशी), कमोडच्या सांध्यापाशी किंवा मोरीच्या पाइपात असतो.

बाथरूमच्या फरशीखालची गळती मात्र फसवी असते. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि ती पोकळी विटांचे तुकडे व कोबा (सिमेंटचा थर) घालून भरलेली असते. फरशीच्या सांध्यांतून झिरपलेले पाणी त्या भरावात साठते आणि वरचा वापर थांबल्यावरही आठ-आठ दिवस हळूहळू खाली येत राहते. वरचे कुटुंब गणपतीला कोकणात जाते, घराला कुलूप असते आणि तरीही खाली थेंब पडत राहतात. मग परत आल्यावर ते मोठ्या विश्वासाने सांगतात की आम्ही घरात नसतानाही गळत होते, म्हणजे आमचा संबंध नाही. ते खोटे बोलत नसतात, पण त्यांचा निष्कर्ष चुकलेला असतो.

ओल फक्त पावसात येत असेल तर वरच्या मजल्याच्या बाबतीत गच्ची आणि मधल्या मजल्यांच्या बाबतीत बाहेरची भिंत पाहावी. आपल्याकडे पावसाळी वारा मुख्यतः नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या बाजूंच्या भिंती सर्वांत जास्त झोडपल्या जातात. काँक्रीटची तुळई आणि विटांची भिंत जिथे मिळतात तिथली आडवी चीर, खिडकीच्या कट्ट्याचा आतल्या बाजूला झालेला उतार, वातानुकूलन यंत्राच्या पाइपासाठी पाडलेले आणि नीट न बुजवलेले भोक, खोलीत सामावून घेतलेला फुलझाडांचा कठडा, या चार जागा मी आधी तपासतो. गच्चीवर कोब्याला तडे गेले आहेत का, कठड्याच्या पायथ्याशी केलेला सिमेंटचा गोलाकार सांधा, म्हणजे गोला, सुटला आहे का, हे बघावेच. डिश अँटेनाचे किंवा सौर बंबाचे पाय बसवण्यासाठी कोणी कोब्यात बोल्ट ठोकले आहेत का, हेही पाहावे. हजारो रुपयांचे वॉटरप्रूफिंग चार बोल्टांनी वाया गेलेले मी पाहिले आहे.

एवढ्यावरून संशयित जागा एक किंवा दोन उरतात. त्यानंतर चाचणी. बाथरूमसाठी नहाणीचे तोंड घट्ट बंद करून फरशीवर तीन-चार बोटे पाणी ४८ तास उभे ठेवावे आणि त्यात रंग मिसळावा. लाल रंग वापरू नये, तो फरशीच्या सांध्यांत बसतो आणि गळती मिटली तरी शेजाऱ्याशी नवे भांडण उभे राहते. नळाच्या पाइपासाठी प्लंबरकडून हातपंपाने दाबाची चाचणी करून घ्यावी. बाहेरच्या भिंतीसाठी कोरड्या दिवसांत रबरी नळीने खालून वर जात प्रत्येक टप्प्यावर अर्धा-अर्धा तास पाणी मारावे. वरून सुरुवात केली तर सगळीच भिंत भिजते आणि काहीच कळत नाही. गच्चीवर पाणी तुंबवून पाहायचे असेल तर जुन्या इमारतीत आधी अभियंत्याला विचारावे, कारण दहा सेंटिमीटर पाण्याचे वजन दर चौरस मीटरला १०० किलो होते.

चाचणीच्या वेळी वरचा सदस्य, खालचा सदस्य आणि समितीचा एक जण असे तिघे हजर असावेत आणि जे दिसले त्यावर तिघांनी तिथेच सह्या कराव्यात. माझ्या अनुभवात निम्मे वाद या सहीपाशीच मिटतात. ओल दिव्याच्या किंवा पंख्याच्या बिंदूपर्यंत पोहोचली असेल तर चाचणीची वाट न पाहता त्या भागाचा वीजपुरवठा बंद करावा. छताचा थर निघून गंजलेल्या सळया दिसत असतील, तर ते काम रंगाऱ्याचे नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो आणि काँक्रीटला आतून ढकलून फोडतो, म्हणून तिथे संरचना अभियंत्यालाच बोलवावे.

उगम सापडल्यावर खर्चाची वाटणी

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नमुना नियमांत, क्रमांक १५९ वर हा विषय स्पष्ट लिहिलेला आहे. काही संस्थांनी जुनेच उपविधी ठेवलेले असल्याने त्यांच्याकडे क्रमांक वेगळा असू शकतो, म्हणून पत्रात क्रमांक टाकण्याआधी आपल्या संस्थेची नोंदणीकृत प्रत उघडून पाहावी. गच्ची व तिचे कठडे, बाहेरच्या भिंती, छतांची संरचनात्मक दुरुस्ती, जिने, पाण्याच्या टाक्या, बाहेरचे सामाईक नळ व सांडपाण्याचे पाइप आणि पावसाच्या पाण्याने होणारी गळती, हे सारे संस्थेच्या खर्चाने दुरुस्त व्हायचे आहे. गच्चीतून पाणी झिरपून सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घराचे छत आणि त्याचा गिलावा खराब झाला, तर तोही संस्थेनेच करून द्यायचा असतो. या यादीत जे नाही ते सदस्याचे, म्हणून बाथरूम, संडास, स्वयंपाकघरातले सिंक आणि घरातले छुपे पाइप यांच्यामुळे होणारी गळती ज्याच्या घरातून होते त्याने स्वखर्चाने थांबवायची आहे.

तळमजल्यावरच्या एका काकांनी आमच्या सभेत विचारले होते की गच्ची गळते ती वरच्यांच्या डोक्यावर, मी पैसे का द्यायचे? त्यांना उत्तर एवढेच की गच्ची कोणा एकाची नाही, आणि तळमजल्यावर तुंबणाऱ्या गटाराच्या दुरुस्तीत वरचे चार मजलेही पैसे देतात.

खरी अडचण सीमेवरच्या दोषांची असते. नहाणीपासून भिंतीतून जाणारा आडवा पाइप जिथे डक्टमधल्या उभ्या पाइपाला मिळतो, तो सांधा सदस्याचा की संस्थेचा? आमच्या संस्थेने सर्वसाधारण सभेत ठराव करून उभा पाइप आणि त्याचा सांधा संस्थेचा, त्याच्या अलीकडचे सगळे सदस्याचे, अशी रेघ आखून घेतली. असा ठराव भांडण नसतानाच करावा, कारण भांडण सुरू झाल्यावर प्रत्येक जण आपला पाइप मोजून मत देतो.

संस्थेकडे पैसे नाहीत ही सबब नेहमीची आहे, आणि ती बहुधा खरी असते, कारण निधी नीट जमवलेलाच नसतो. आदर्श उपविधींनुसार दुरुस्ती व देखभाल निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी (मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीसाठी) किमान ०.२५ टक्के आकारायचे असतात, जमिनीची किंमत त्यात धरायची नसते. बांधकाम खर्च १२ लाख धरला तर वर्षाला ९,००० आणि ३,००० रुपये, म्हणजे महिन्याला ७५० आणि २५० रुपये झाले. आमच्याकडे दोन्ही मिळून महिना १०० रुपये घेतले जात होते आणि त्या काटकसरीचा आम्हाला अभिमानही होता! पुढे गच्चीच्या कामाला प्रत्येक घरामागे एकरकमी वर्गणी काढावी लागली, तेव्हा तो उतरला. सिंकिंग फंडातली रक्कम किरकोळ डागडुजीला वापरायची नसते. मोठ्या संरचनात्मक कामासाठी, सर्वसाधारण सभेच्या ठरावाने आणि तज्ज्ञाच्या दाखल्यावरच तिला हात लावता येतो. समितीच्या स्वतःच्या अधिकारालाही मर्यादा आहे : २६ ते ५० सदस्यांच्या संस्थेत एका वेळच्या दुरुस्तीवर ५०,००० रुपयांपर्यंत समिती खर्च करू शकते, त्यापुढे सभेची मंजुरी लागते.

पुण्यात आणि नागपुरात अनेक इमारती सहकारी संस्था नसून १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखालचे कॉन्डोमिनियम असतात, आणि तिथले मालक वरचे सगळे नियम आपल्याला लागू आहेत असे समजून पत्रे लिहितात. तसे नाही. तिथे आधी नोंदणीकृत घोषणापत्र आणि त्याला जोडलेले उपविधी पाहावे लागतात, सामाईक भाग कोणते ते घोषणापत्रातच लिहिलेले असते, आणि सामाईक खर्चाची वाटणी प्रत्येकाच्या अविभाजित हिश्शाच्या टक्केवारीने होते. म्हणून मोठ्या सदनिकेच्या मालकाला गच्चीच्या कामाचा वाटा जास्त आला तर त्यात अन्याय झाला असे म्हणता येत नाही.

समोरचा ऐकतच नसेल तर

तोंडी तक्रार आणि व्हॉट्सॲपवरचा संदेश, दोन्ही विसरून लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर सचिवाची सही व तारीख असलेली पोच घ्यावी. समितीने असा अर्ज आपल्या पुढच्या बैठकीत ठेवून निर्णय घ्यायचा आणि तो १५ दिवसांत अर्जदाराला कळवायचा असतो. निर्णय इतिवृत्तात आलाच पाहिजे, कारण पुढची प्रत्येक पायरी त्या कागदावर उभी राहते. वरचा सदस्य दार उघडत नसेल तर पूर्वसूचना देऊन सदनिकेची पाहणी करण्याची तरतूद उपविधींत सचिवासाठी आहे, आणि घरात भाडेकरू असेल तर नोटीस भाडेकरूच्या हातात देऊन न थांबता मालकाच्या संस्थेतल्या नोंदलेल्या पत्त्यावर आणि ईमेलवर पाठवावी. भाडेकरू बिचारा मध्येच अडकतो, त्याच्यावर आवाज चढवण्यात अर्थ नसतो.

त्यानंतरही हालचाल नसेल तर सहकार निबंधकाच्या, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या कार्यालयात खेपा घालण्याआधी थोडे थांबावे. गळती आणि दुरुस्तीचे वाद १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाकडे जातात. निबंधकाकडे अर्ज करून वर्ष घालवलेले आणि शेवटी हा विषय आमच्या कक्षेत नाही असे उत्तर मिळालेले सदस्य मी पाहिले आहेत. सहकार न्यायालयात अंतरिम आदेश मागता येतो, आणि चाचणीचा सह्यांचा कागद, वही व छायाचित्रे हाताशी असतील तर तो मागताना वकिलाला बोलायला काही तरी असते. मुंबई महापालिकेच्या हद्दीत गळतीमुळे आरोग्याला उपद्रव होत असेल, तर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३८१ खाली नोटीस काढण्यासाठी विभाग कार्यालयात तक्रार करता येते.

एक गोष्ट मात्र कोणी करू नये, आणि नेमकी तीच सर्वाधिक लोक करतात : गळती थांबेपर्यंत देखभाल शुल्क भरायचे नाही. रागाच्या भरात हा उपाय रास्त वाटतो. परंतु थकबाकीवर उपविधींनुसार द.सा.द.शे. २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लागू शकते, २०१९ च्या दुरुस्तीनंतर गृहनिर्माण संस्थांची वसुली सहकारी संस्था कायद्याच्या कलम १५४ब-२९ खाली होते, आणि निबंधकापुढे थकबाकीचा आकडा निघाला की तुमच्या गळतीकडे कोणी पाहत नाही. पैसे भरावेत, हवे तर ‘हक्क राखून’ असे पत्र जोडून भरावेत.

इमारत नवी असेल तर या सगळ्याआधी विकासकाकडे जावे. रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाच्या कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. संस्था ताब्यात घेण्याच्या गडबडीत ही पाच वर्षे भुर्रकन जातात, त्यामुळे चौथा पावसाळा संपताच प्रत्येक घराची पाहणी करून एकत्रित यादी पाठवावी. उलट, इमारत १५ वर्षांहून जुनी असेल तर उपविधींनुसार दर पाच वर्षांनी, आणि ३० वर्षांनंतर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करून घ्यायची असते. ती अहवालासकट झालेली असेल, तर गळतीचे निम्मे उत्तर त्या अहवालातच सापडते.

कामाचे वेळापत्रक

चाचण्या पावसात किंवा पाऊस ओसरताच करून घ्याव्यात, कारण तेव्हा ओल बोलते. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते, म्हणून त्या सभेपुढे तक्रारीऐवजी उगमाचा अहवाल आणि अंदाजपत्रक ठेवावे. नोव्हेंबरात निविदा, जानेवारी ते एप्रिल काम. मे महिन्यात कंत्राटदार मिळत नाहीत आणि मिळाले तरी कोबा पुरेसा वाळत नाही.

कंत्राटदार सात किंवा दहा वर्षांची हमी छापील कागदावर सहज देतात. त्या कागदापेक्षा बिलाची दहा टक्के रक्कम पहिला पावसाळा पार पडेपर्यंत रोखून ठेवण्याचे कलम मला जास्त उपयोगी वाटते, आणि ते कार्यादेशातच लिहून घ्यावे, नंतर तोंडी सांगून चालत नाही. काम संपल्यावर छताला लगेच रंग देऊ नये. नुसता गिलावा करून पेन्सिलीची जुनी रेघ पुन्हा आखून ठेवावी, जूनमधल्या पहिल्या दोन मोठ्या पावसांनंतर ती जागा हाताने चाचपून पाहावी, आणि रेघेच्या आत सप्टेंबरपर्यंत कोरडे राहिले तरच कंत्राटदाराची उरलेली रक्कम आणि रंगाऱ्याचा डबा, दोन्ही मोकळे करावेत.